परमुलखातील बाळंतपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आम्हांस बोलावयास सांगण्यात आले, तेव्हा कार्यकारिणीची अपेक्षा बहुधा अशी असावी की जयपूर आणि महाराष्ट्र यांच्या जुन्या ऋणानुबंधावर आम्ही चार गोड शब्द बोलू. आम्ही विषय कळविला ‘बाळंतपण’. चिटणीसांनी दूरध्वनीवर क्षणभर मौन पाळले आणि मग हलकेच विचारले, “आपण? बाळंतपणावर?”

प्रश्न रास्त होता. आम्ही वैद्य नव्हे. पदवी बी.ए.ची, तीही इतिहास घेऊन. आणि नोकरीची सारी वर्षे केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत गेलेली. परंतु दुसऱ्यांचे रकाने तपासण्याची सवय एकदा जडली की ती कचेरीबाहेरही सुटत नाही. मातांच्या मृत्यूंविषयीचे काही सरकारी आकडे असेच आमच्या वाचनात आले आणि त्यांचा ताळा जमेना. तो का जमत नाही, याचा शोध घेता घेता आम्ही जेथे पोहोचलो ती जागा आपल्या सर्वांच्या घरांपासून फार दूर नाही. म्हणून हा प्रपंच.

प्रथम आकडे, थोडेच आहेत. दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात याचे मोजमाप आपल्याकडे नमुना नोंदणी पद्धतीने होते. २००१ ते २००३ या काळात राजस्थानात हे प्रमाण ४४५ होते आणि महाराष्ट्रात १४९. २०१८ ते २०२० या काळात ते राजस्थानात ११३ वर आले, महाराष्ट्रात ३३ वर. या मरुभूमीने वीस वर्षांच्या आत मातामृत्यू चौथ्या हिश्श्यावर आणले, ही गोष्ट आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. ज्या राज्यातील एकटा जैसलमेर जिल्हा जवळजवळ केरळ राज्याएवढा पसरला आहे, तेथे हे सोपे नव्हते.

आता दुसरा रकाना पाहा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राजस्थानातील शंभर बाळंतपणांपैकी जेमतेम तीस रुग्णालयात होत होती. त्याच सुमारास, म्हणजे २००५ साली, जननी सुरक्षा योजना आली. रुग्णालयात बाळंत होणाऱ्या ग्रामीण स्त्रीला या राज्यात चौदाशे रुपये मिळू लागले, तिला तेथवर नेणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्तीलाही मानधन मिळू लागले, पुढे रुग्णवाहिका आल्या, २०११ मध्ये सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, औषधे व आहार निःशुल्क झाला. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण राजस्थानात ९४.९ टक्के निघाले. महाराष्ट्रात किती? ९४.७.

येथे हिशेबतपासनिसाची पेन्सिल थांबते. रुग्णालयाच्या दाराशी दोन्ही राज्यांतील स्त्रिया सारख्याच संख्येने पोहोचतात, आणि तरी या आकड्यांत एका राज्यात दगावणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक निघाले. जमेची बाजू सारखी आणि शिल्लक वेगळी, असे झाले की आमच्या खात्यात असे समजतात की खर्चाची एखादी बाब कोठे लिहिलीच गेलेली नाही.

असा ताळा न जमण्याचा एक प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया सुइणींच्या विभागापेक्षा दुपटी-तिपटीने अधिक. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले आणि कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत होते. १८४७ साली त्याने त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. रुग्णालयाचे दार आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. आपल्या राज्यातही २०११ च्या आरंभी एका मोठ्या रुग्णालयात दूषित सलाइनमुळे नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया एकामागून एक दगावल्या होत्या. त्या सगळ्या वेळेवर, सांगितलेल्या जागी पोहोचल्या होत्या.

परंतु सारा दोष रुग्णालयाच्या आतच शोधणे आम्हांस पटत नाही. बाळंतपणात स्त्री मरते ती मुख्यतः रक्तस्रावाने, रक्तदाब वाढून येणाऱ्या आकडीने, जंतुदोषाने, किंवा अडलेल्या प्रसूतीने. यांपैकी प्रत्येकावर उपाय आहे आणि तो महागही नाही. मात्र त्याला वेळ लागतो. प्रसूतीनंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. आणि जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला तेवढेही तास मिळत नाहीत. भारतातील गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक पांडुरोगी आहेत, असे तीच २०१९-२१ ची पाहणी सांगते. म्हणजे रुग्णालयातल्या त्या रात्रीचा निकाल बव्हंशी आधीच्या सहा महिन्यांत लागलेला असतो. त्या सहा महिन्यांत किमान चार तपासण्या व्हाव्यात असा संकेत आहे. महाराष्ट्रात दहांपैकी सात स्त्रियांच्या त्या होतात, राजस्थानात निम्म्याहून थोड्याच अधिक स्त्रियांच्या. न लिहिलेली बाब येथे सापडते. नऊ महिने तिच्याकडे कोणाची तरी नजर हवी होती, ती नव्हती.

भगिनींना येथे काही आठवले असेल. ही नजर ठेवण्याची आपली जुनी व्यवस्था म्हणजे माहेर. सातव्या महिन्यात लेकीला आणावयाचे, डोहाळजेवण करावयाचे, आणि मग आई-मावशी-आत्या अशा चार बायकांच्या डोळ्यांसमोर तिला ठेवावयाचे. पायांवर सूज आली, चेहरा पांढरा पडला, बाळाची हालचाल मंदावली, हे प्रथम त्यांनाच दिसे. बाळंतपणानंतर सव्वा महिना शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. येथे राजस्थानात त्याला ‘जापा’ म्हणतात. लाडू येथेही गोंदाचेच, आणि बाळंतिणीच्या अंगावर पिवळी ओढणी येते तिचा थाट तर आपल्या बाळंतविड्याहून काकणभर सरस.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा इरादा नाही. कोणताही जुना कुलवृत्तांत उघडून पाहावा. पानोपानी प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, कोठे तृतीय पत्नी. त्या प्रथम पत्नी कोठे गेल्या, हे कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांना सांगावेसे वाटले नाही. पुष्कळशा बाळंतिणीच्या त्या अंधाऱ्या, खिडक्या बंद केलेल्या खोलीतून परत आल्या नाहीत. मायेची नजर होती, विद्येची नव्हती. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्यांच्या चौदाव्या वर्षी झाले आणि दहा दिवसांत गेले. त्या मुलीने सातासमुद्रांपलीकडे जाऊन १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. पुढच्या फेब्रुवारीत ती पुण्यात क्षयाने गेली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिच्याच पिढीच्या डॉ. रखमाबाईंना दीर्घायुष्य लाभले आणि ते त्यांनी सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत खर्च केले. मुंबईची ही मराठी मुलगी परमुलखात परभाषक बायकांची बाळंतपणे करीत राहिली, ही गोष्ट आपल्यासारख्या परमुलखातील मंडळींनी विसरू नये, इतकेच जाता जाता.

माया आणि विद्या एके ठिकाणी आणण्याचे काम महाराष्ट्रात पुढे दोन ठिकाणी फार चांगले झाले. पहिले नगर जिल्ह्यातील जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे गेले. त्यांनी पाहिले की डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, आणि नर्सलाही गावकरी परकीच मानतात. तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्यांना स्वच्छ प्रसूती कशी करावयाची, कोणती बाई धोक्यात आहे हे कसे ओळखावयाचे आणि तिला वेळेत रुग्णालयाकडे कसे धाडावयाचे, हे शिकविले. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्या हाती गावाने आपल्या लेकी-सुना सोपविल्या. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या मते खरा पुरस्कार तो दुसराच होता.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे काम मांडले. राणीताईंनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आजारी म्हणून आलेल्यांचीच नव्हे, साऱ्यांचीच. शंभरांतील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी त्यावर उपचार मिळालेल्या केवळ ८. ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात हे १९८९ साली छापून आले, तेव्हा तज्ज्ञांचे डोळे उघडले. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट, एवढीच सरकारदरबारी समजूत होती. पुढे त्यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जात, बाळाचा श्वास मोजत, वजन करीत, आईचीही विचारपूस करीत. नवजात बालकांचे मृत्यू तेथे ६२ टक्क्यांनी घटले. तेही १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच आले. ‘आशा’ बाळंतिणीच्या घरी ज्या सहा-सात भेटी देते, त्या भेटींचे मूळ गडचिरोलीच्या या जंगलात आहे. आपल्या राजस्थानातही उदयपूरच्या बाजूला ‘अर्थ’ या संस्थेने १९९७ पासून प्रशिक्षित परिचारिका-सुइणींची केंद्रे चालविली आहेत, रात्री-अपरात्री उघडी राहणारी.

हे सारे गावात राहणाऱ्या स्त्रीसाठी झाले. ‘आशा’ची यादी गावची, अंगणवाडीची यादी गावची. जी स्त्री गाव सोडून निघाली तिचे काय? आम्हांस जेथे पोहोचावयाचे होते ती जागा हीच.

जयपुरात सकाळी आठ वाजता कोणत्याही चोखटीवर उभे राहावे. चोखटी म्हणजे मजुरांनी काम मिळण्याची वाट पाहत थांबण्याचा नाका, हे आपल्यातील नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. बांसवाडा, डुंगरपूर, बारां, शिवाय मध्य प्रदेश आणि बिहार येथून आलेली जोडपी तेथे दिसतील. मानसरोवर, जगतपुरा, सांगानेर येथील आपली घरे यांच्याच हातांनी उभी राहिली. यांच्यातील गरोदर स्त्री गावच्या यादीत असते, परंतु गावात नसते. शहरात असते, परंतु शहराच्या यादीत नसते. दोन-तीन महिन्यांनी ठेकेदार पुढच्या जागेवर हलवितो, तेव्हा नव्याने कोणी नोंद केली असेल तर तीही निरुपयोगी होते.

आमच्या घरामागील भूखंडावर चार मजली इमारत चढत होती, तेव्हाची हकीकत सांगतो. घमेली वाहणारी बांसवाड्याची एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्या पायांकडे पाहिले आणि त्या रोजच पाहू लागल्या. विचारता कळले की गावी असताना तिचे ममता कार्ड झाले होते, ते तिकडेच पेटीत राहिले. सौभाग्यवती तिला रिक्षात घालून नागरी आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. रक्त भरले सात. नर्सबाई भल्या होत्या, नवे कार्ड केले, लोहाचे इंजेक्शन शिरेतून देण्यासाठी पुढची तारीख दिली आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे असे बजावले. तारीख येण्यापूर्वीच ठेकेदाराने ती सारी टोळी अजमेर रोडवर हलविली.

तीन आठवड्यांनी रात्री साडेअकराला दूरध्वनी वाजला. सौभाग्यवतींनी कार्डाच्या मागे आमचा क्रमांक लिहून ठेवला होता, तो तिच्या नवऱ्याला सापडला. त्याने प्रथम जवळच्या एका खासगी प्रसूतिगृहात तिला नेले होते. तेथे अनामत रक्कम मागितली, आणि तिचा पांढराफटक चेहरा पाहून तीही नको म्हटले. सरकारी महिला रुग्णालयात ती पोहोचली तेव्हा एक वाजून गेला होता. मुलगी झाली, आणि मागोमाग रक्तस्राव सुरू झाला. रक्तगट निघाला बी निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी होती. आम्ही मंडळाच्या ढोलपथकातील एका तरुणास उठविले, त्याने आणखी दोघांना. त्यांपैकी दोघांचा गट जुळला. पहाटे साडेतीनला रक्त चढले. डॉक्टर आणि नर्सबाई यांनी त्या रात्री जे कष्ट घेतले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी वावगा शब्द आम्ही ऐकून घेणार नाही. आई वाचली. मुलगीही.

घरी आल्यावर, सवयीप्रमाणे, आम्ही या प्रकरणाचा हिशेब मांडला. शेजारीण तिच्या पायांकडे पाहणारी निघाली, क्रमांक कार्डावर लिहिला गेला, नवऱ्याला तो सापडला, आम्ही त्या रात्री दौऱ्यावर नव्हतो, एका पोराचा रक्तगट जुळला आणि तो पोरगा झोपेतून उठला. यांतील एकही गोष्ट कोणत्याही योजनेत लिहिलेली नाही. याला व्यवस्था म्हणत नाहीत, याला मटका म्हणतात. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हावी असा दंडक केंद्राने २०१० पासून घातला आहे आणि तो उत्तमच आहे. परंतु अशी एखादी दगावली असती तर कागदावर कारण पडले असते ‘रक्तस्राव’. ठेकेदाराने हलविल्याचा रकाना त्या कागदावर आम्हांस कोठे आढळला नाही.

हे राजस्थानचे उणे काढणे नव्हे, हे स्पष्ट करतो. महाराष्ट्राचा ३३ हा आकडा ऐकून आपली छाती फुगत असेल तर ऊसतोडणीच्या फडावर एकदा जाऊन यावे. बीडहून निघालेली कोयत्याची जोडी सहा-सहा महिने कोपीत राहते. बाळंतपणही कित्येकदा तेथेच. रजा घेतली तर मुकादमाच्या उचलीतून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, ही गोष्ट २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आली होती. यादीबाहेरची स्त्री सर्वत्र सारखीच आहे, तिची भाषा तेवढी बदलते.

आता मंडळाच्या वहीकडे वळतो. आमच्या तीन सूचना कार्यकारिणीकडे लेखी दिल्या आहेत, येथे थोडक्यात सांगतो. आपण सुवर्णमहोत्सवी सभासद-सूची छापीत आहोत. तीत नाव, मूळ गाव, व्यवसाय, पत्ता हे रकाने आहेत. आणखी एक रकाना वाढवावा, रक्तगटाचा. छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही, आम्ही मुद्रकास विचारले आहे. दुसरे, आपल्यापैकी जे घर बांधीत आहेत त्यांनी ठेकेदाराला दोन प्रश्न विचारावेत: जागेवर गरोदर बाई आहे काय, आणि मजुरांची कल्याण मंडळाकडे नोंदणी झाली आहे काय. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर बसविला, त्यातून प्रसूतीसाठी साहाय्य मिळण्याची तरतूद झाली. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या मजुराची नोंदणी होऊ शकते. पैसा आपणच भरतो. तो जिच्यासाठी भरला तिला ठाऊक नसते.

तिसरी सूचना गाड्यांची. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. गावात ‘आशा’ घरोघर जाऊन आठवण करते. बांधकामावरच्या बाईला आठवण कोणी करावी, आणि दिवसाची मजुरी बुडवून तिने तेथवर जावे कशाने? आमचे म्हणणे असे की त्या दिवशी मंडळाच्या सभासदांनी आपल्या गाड्या काढाव्यात, भगिनींनी सोबत जावे, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई सुवर्णमहोत्सवी निधीतून व्हावी. मंडळ सांस्कृतिक आहे, त्याने यात पडावे काय, अशी शंका एका ज्येष्ठ सभासदांनी काढली आहे. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. आपल्या भगिनी दर संक्रांतीला हळदीकुंकू करतात, वाण लुटतात, अनोळखी बाईलाही दारातून ओटी भरल्यावाचून जाऊ देत नाहीत. ते सांस्कृतिक असेल तर हेही त्याच खात्यात टाकता येईल, असे आमचे मत. निर्णय अर्थातच सभेचा.

कोणत्या वस्त्यांवर जावयाचे याची एक कच्ची यादी सौभाग्यवतींनी आणि त्यांच्या दोन मैत्रिणींनी केली आहे. सतरा जागा आहेत आणि तूर्त अकरा स्त्रिया, दोघींचा नववा महिना चालू आहे. यादी दाराशी टेबलावर ठेवली आहे, शेजारी वही आहे, तीत गाडीचा क्रमांक आणि आपला रक्तगट लिहावा. येत्या नऊ तारखेस सकाळी साडेआठ वाजता मंडळाच्या फाटकाशी दोन गाड्या उभ्या राहतील. तिसरी मिळाली तर सांगानेरच्या बाजूलाही जाता येईल.